नातवंडांबरोबर बाहेर पडताना : वाचकांचे प्रश्न

उन्हाळ्याची सुट्टी जवळ आली की आजी-आजोबांची पत्रे वाढतात. त्यांपैकी चार पत्रांना या अंकात उत्तरे देत आहे. माझे अनुभव तीस वर्षे चालवलेल्या बालवाडीच्या सहलींतून आणि आता स्वतःच्या तीन नातवंडांमागे धावण्यातून आलेले आहेत. औषधांच्या बाबतीत मात्र तुमच्या मुलांच्या डॉक्टरांचा शब्द अखेरचा मानावा.

प्रश्न : माझे वय ६४ आणि पतींचे ६९ आहे. मुलगा व सून दोघेही नोकरी करीत असल्याने सुट्टीत साडेपाच वर्षांचा नातू आणि अडीच वर्षांची नात आमच्याकडे असतात. मागे एकदा आम्ही त्यांना सारसबागेत नेले. सुनेने दिलेली पिशवी इतकी जड होती की ती सांभाळण्यातच माझा एक हात गेला, आणि ज्या एका वस्तूची गरज पडली ती, म्हणजे नातीची दुसरी चड्डी, नेमकी तिच्यात नव्हती. पतींना मधुमेह आहे. जेवणाला उशीर झाल्याने त्यांना घाम सुटला. त्या गडबडीत नातू दोन-तीन मिनिटे दिसेनासा झाला. मला वाटले तो ह्यांच्याजवळ आहे, ह्यांना वाटले माझ्याजवळ. आता मुले कात्रजचे प्राणीसंग्रहालय पाहायचे म्हणून मागे लागली आहेत. पिशवीत काय काय न्यावे, याची पक्की यादी द्याल का?
— एक आजी, पुणे

उत्तर : तुम्ही पिशवीविषयी अर्धे पान लिहिले आहे आणि नातू दिसेनासा झाला त्याविषयी दोन ओळी. मी उत्तर उलट्या क्रमाने देते.

दोन मोठी माणसे आणि दोन मुले असली की हिशेब सोपा वाटतो. पण बहुतेक वेळा मूल चुकते ते दोघांचेही लक्ष ‘आहे’ असे दोघांनाही वाटत असताना. आमच्या बालवाडीत सहलीला निघण्यापूर्वी प्रत्येक बाईला तिची मुले नावानिशी वाटून दिलेली असत, आणि पाणी आणायला जायचे झाले तरी ‘माझी चार आता तुमच्याकडे’ असे मोठ्याने बोलून, समोरून ‘हो’ ऐकल्याशिवाय कोणी हलत नसे. तुम्हीही घरातूनच ठरवा : नातू आजोबांचा, नात तुमची. अदलाबदल करायची असेल तर ती बोलून करावी. ‘अहो, याच्याकडे बघा हं’ एवढे पुटपुटून पुढे जाणे म्हणजे सोपवणे नव्हे.

दुसरी गोष्ट मला स्वतःला उशिरा उमगली. हरवलेले मूल ‘आजी, आजी’ अशी हाक मारते, आणि सारसबागेत संध्याकाळी अशा हाकेला निम्म्या बायका वळून पाहतात. साडेपाच वर्षांच्या मुलाला तुमचे पूर्ण नाव आणि आडनाव सांगता यायला हवे. मोबाइलचा क्रमांक चालीवर म्हणायला शिकवला तर या वयाची मुले तो आठवड्यात पाठ करतात. नातीच्या मनगटाच्या आतल्या बाजूला बॉलपेनने तुमचा क्रमांक लिहावा. शर्टावर ठळक नाव लिहू नये, कारण नावाने हाक मारणारा प्रत्येक माणूस मुलाला ओळखीचा वाटू लागतो. घरातून निघताना दारातच दोघांचे एक छायाचित्र मोबाइलवर काढून ठेवावे. घाबरलेल्या माणसाला नातवाच्या शर्टाचा रंग आठवत नाही. नातवाला एवढेच शिकवावे, की आम्ही दिसलो नाही तर जागचे हलायचे नाही, मोठ्याने माझे नाव घ्यायचे, आणि मदत मागायची झाली तर गणवेशातल्या रखवालदाराकडे किंवा बरोबर मुले असलेल्या बाईकडे मागायची. तरीही मूल दिसेनासे झालेच, तर एकाने मूल शेवटचे दिसले त्याच जागी उभे राहावे आणि दुसऱ्याने शोधावे. आसपास तळे, हौद किंवा कारंजे असेल तर सर्वांत आधी तिकडे धाव घ्यावी. फुगेवाल्याकडे गेलेले मूल पाच मिनिटांनीही सापडते. पाण्यात पडलेल्या मुलाला तेवढा वेळ नसतो. रखवालदाराला लगेच सांगावे आणि ११२ या क्रमांकावर कळवण्यास संकोच करू नये. हरवलेल्या किंवा संकटातल्या मुलांसाठी १०९८ हा क्रमांकही आहे.

आता कात्रजविषयी. राजीव गांधी प्राणीसंग्रहालय बुधवारी बंद असते. हे मी आधी लिहिते, कारण बंद दारापुढे रडणारी दोन मुले मी पाहिलेली आहेत आणि त्यांतले एक माझेच होते. पेशवे पार्कातले प्राणी मागेच कात्रजला हलवण्यात आले. त्यामुळे तुमच्या मुलाला तुम्ही जसे सारसबागेशेजारी तासाभरात सारे दाखवून आणत असाल, तसे आता होणार नाही. तलाव धरून तो परिसर सुमारे १३० एकरांचा आहे. अडीच वर्षांची मुलगी थोडे चालेल, मग हात वर करील, आणि तिचे १२-१३ किलो वजन तुमच्या कमरेवर येईल. म्हणून पिशवी भरण्यापूर्वी स्वतःला एक प्रश्न विचारावा : मला हिला कडेवर घेऊन न थांबता किती वेळ चालता येते? उत्तर दहा मिनिटे असेल तर बेत दहा मिनिटांच्या टप्प्यांचाच आखावा, बॅटरीवर चालणारी गाडी उपलब्ध असेल तर ती घ्यावी, आणि सगळे पिंजरे पाहण्याचा हट्ट सोडावा. मे महिन्यात सकाळी दार उघडताच आत जावे. दुपारी वाघही सावलीत लोळत असतो. हत्ती, वाघ आणि साप एवढे पाहून साडेअकराच्या आत परतीला लागावे. परत निघण्याची वेळ मुले कुरकुरू लागल्यावर ठरवायची नसते, ती घरातूनच ठरवून निघायची असते, कारण कुरकुर सुरू होते तेव्हा तुमचीही ताकद संपलेली असते आणि रिक्षा मिळायची असते.

आजोबांची तयारी नातवंडांच्या आधी. त्यांच्या जेवणाची आणि गोळीची वेळ कागदावर लिहून बेत त्याभोवती बसवावा. रक्तातली साखर उतरली तर लगेच खाता यावी म्हणून त्यांच्या स्वतःच्या खिशात ग्लुकोज किंवा कागदात बांधलेली तीन चमचे साखर असावी. तुमच्या पिशवीत नव्हे, कारण घाम सुटेल तेव्हा तुम्ही नातीला घेऊन स्वच्छतागृहात असाल. मात्र त्यांच्या गोळ्यांविषयी एक इशारा द्यायलाच हवा. मधुमेहाच्या किंवा रक्तदाबाच्या काही गोळ्या अशा असतात की एखादी गोळीसुद्धा लहान मुलाच्या जिवावर बेतू शकते, आणि आजीची पर्स ही मुलांची उचकापाचक करण्याची आवडती जागा असते. आठवड्याच्या गोळ्यांची रंगीत डबी मुलांना खाऊच वाटते. बाहेर जाताना त्या दिवसापुरत्याच गोळ्या, मूळ पाकिटासह, चेन लावलेल्या आणि अंगावरच्या खिशात ठेवाव्यात. मुलाने गोळी गिळल्याची नुसती शंका आली तरी उलटी करवू नये. पाकीट हातात घेऊन थेट रुग्णालय गाठावे. आपल्या डोकेदुखीसाठी आपण बाळगतो ती ॲस्पिरिनची गोळी तापलेल्या मुलाला तुकडा करूनही देऊ नये.

आता पिशवी. हात मोकळे राहतील अशी पाठीवरची एकच सॅक असावी. तिच्यात दोघांच्या पाण्याच्या वेगळ्या बाटल्या, नातीचे कपड्यांचे दोन जोड आणि नातवाचा एक, ओल्या कपड्यांसाठी प्लॅस्टिकच्या दोन पिशव्या, डबीत साबणाचा तुकडा, उन्हाच्या टोप्या आणि एक जुना सुती पंचा. या पंच्याची थोरवी मला सांगावी तेवढी थोडी वाटते. त्याने तोंड पुसता येते, भिजवून मानेवर ठेवता येतो, झोपलेल्या मुलावर सावली धरता येते आणि चड्डी बदलताना आडोसाही होतो. सॅनिटायझरने माती निघत नाही, म्हणून साबण हवाच. तुमचा वाचण्याचा चष्मा घ्यायला विसरू नका; औषधाच्या बाटलीवरची अक्षरे त्याच्याशिवाय दिसत नाहीत.

औषधे सुनेने दिली तरी तिच्याकडून एक चिठ्ठी मागावी, तिच्यावर प्रत्येक मुलाचे वजन, कशाची ॲलर्जी आहे, तापाचे औषध किती मिलिलिटर व किती तासांनी द्यायचे, आणि डॉक्टरांचा क्रमांक असावा. पॅरासिटामॉलचे सायरप वेगवेगळ्या तीव्रतेचे मिळते. पाच मिलिलिटरमध्ये एकात १२५ मिलिग्रॅम असते तर दुसऱ्यात २५०, आणि थेंबांचे औषध त्याहूनही तीव्र असते. त्यामुळे ‘एक चमचा’ हे माप निरुपयोगी आहे. बाटलीवरचा आकडा आणि चिठ्ठीवरचा आकडा जुळला तरच औषध द्यावे. ओआरएसची दोन पाकिटे ठेवावीत, पण पाकीट अर्धे-अर्धे करून कालवू नये. वर जेवढे पाणी लिहिले असेल तेवढ्या पाण्यात ते संपूर्ण घालावे, आणि उरलेले २४ तासांनंतर फेकून द्यावे.

खाऊच्या बाबतीत तूप-साखरेच्या पोळीची गुंडाळी आणि केळे यांना तोड नाही. दहीभात उन्हात आंबतो. फुटाणे आणि शेंगदाणे पाच वर्षांखालील मुलांना देऊ नयेत, कारण ते घशात जाण्याऐवजी श्वासनलिकेत जातात; द्राक्षे द्यायची तर उभी चिरून चार भाग करून. पळताना, रडताना किंवा रिक्षाच्या हिसक्यात खाऊ घालू नये. घास अडकला आणि मूल खोकत असेल तर खोकू द्यावे. आवाजच फुटेनासा झाला तर एक वर्षावरील मुलाला पुढे वाकवून दोन खांद्यांच्या मधोमध तळहाताच्या मुळाने जोराच्या पाच थापा द्याव्यात. तेवढ्याने निघाले नाही तर मागे बसून किंवा उभे राहून, बेंबीच्या किंचित वर मूठ ठेवून, आत आणि वर असे पाच दाब द्यावेत, आणि पुन्हा थापा. तोवर कोणाला तरी १०८ ला फोन करायला सांगावे. दिसत नसलेला घास तोंडात बोट घालून चाचपू नये. तो आणखी आत सरकतो. हे वाचून येणारे काम नाही. सेंट जॉन ॲम्ब्युलन्ससारख्या संस्था प्रथमोपचाराचे वर्ग घेतात. तुम्ही दोघांनी एकदा जाऊन यावे.

शू लागली का, असे विचारू नये; उत्तर नेहमी ‘नाही’ असेच येते. निघताना, पोचल्यावर आणि खाण्यापूर्वी, न विचारता न्यावे.

प्रश्न : मी रोज संध्याकाळी साडेतीन वर्षांच्या नातवाला स्कूटरवर पुढे उभे करून गोदाकाठी फिरवून आणतो. वेग ३० च्या वर कधीच जात नाही. माझ्या दोन्ही मुली अशाच पुढे उभ्या राहून मोठ्या झाल्या. आता जावईबापू हे बंद करा म्हणतात. त्यांना कसे समजवावे?
— एक आजोबा, नाशिक

उत्तर : जावयांना समजावण्याची गरज नाही, ते बरोबर आहेत. तुमचा वेग तुमच्या हातात असतो, आडव्या येणाऱ्या कुत्र्याचा किंवा रिक्षाचा नसतो. ब्रेक दाबताच पुढे उभे असलेल्या मुलाचे तोंड हँडलवर आपटते, आणि मागून तुमचे सगळे वजन त्याच्यावर येते. शिवाय गार वाऱ्यात या वयाची मुले उभ्या उभ्या डुलक्या घेतात, हे तुम्हीही पाहिले असेल.

नऊ महिने ते चार वर्षे या वयाच्या मुलाला दुचाकीवर नेताना त्याला चालकाच्या अंगाशी बांधणारा सुरक्षापट्टा आणि त्याच्या मापाचे हेल्मेट हवे, तसेच वेग ताशी ४० किलोमीटरच्या आत हवा, असा केंद्र सरकारचा नियम २०२२ साली अधिसूचित झाला आणि २०२३ च्या फेब्रुवारीपासून लागू आहे. चार वर्षे पूर्ण झाली की हेल्मेट कायद्यानेच सक्तीचे आहे. ताटलीएवढ्या टोपीला हेल्मेट म्हणू नये आणि मोठ्या माणसाचे हेल्मेट मुलाच्या डोक्यावर कोंबू नये; ते गळ्यापर्यंत फिरते. दुकानात नातवाला बरोबर नेऊन, मान हलवल्यावर न सरकणारे घ्यावे. चारचाकीत बसवले तरी मांडीवर घेऊन पुढे बसू नये. १४ वर्षांखालील मुलाला पट्टा किंवा त्याच्या मापाचे आसन नसेल तर १,००० रुपये दंडाची तरतूद आहे, आणि दंडाची बाब तरी दुय्यमच आहे.

तुमच्या मुली सुखरूप मोठ्या झाल्या याचा आनंद आहे. त्या काळी रस्त्यावर गाड्याही कमी होत्या. रोजची फेरी मोडू नये असे मलाही वाटते. ती पायी करून पाहा. मुलाच्या पावलांनी गोदाकाठ वेगळाच दिसतो, आणि तुम्हाला चालणे होईल ते निराळे.

प्रश्न : मी ६७ वर्षांची आहे. सहा वर्षांच्या नातीला एकटीने एसटीने कोल्हापूरहून रत्नागिरीला माझ्या बहिणीकडे न्यायचे आहे. तिला आंबा घाटात गाडी लागते. मागच्या वेळी उलटीने तिचे, माझे आणि शेजारच्या बाईंचेही कपडे खराब झाले आणि त्या बाईंनी मला उतरेपर्यंत बोलणी ऐकवली. तिकिटाचेही नीट समजावून सांगावे.
— एक आजी, कोल्हापूर

उत्तर : तिकिटाचे आधी सांगते. एसटीत पाच वर्षांपर्यंत तिकीट नाही आणि पाच ते बारा वर्षांपर्यंत अर्धे. तेव्हा नातीचे अर्धे. तुमचेही अर्धेच पडेल, कारण मार्च २०२३ पासून सर्व महिलांना निम्मी सवलत आहे आणि ६५ ते ७५ वयाच्या ज्येष्ठांनाही तेवढीच आहे. ७५ वर्षे पूर्ण झाली की राज्यात एसटीचा प्रवास मोफत होतो. तुमचे आधार कार्ड आणि नातीच्या वयाचा पुरावा हाताशी ठेवावा. कधी रेल्वेने गेलात तर तेथील हिशेब निराळा आहे : पाच वर्षांखालील मुलाला वेगळी जागा घेतली नाही तर तिकीट लागत नाही, पाच ते बारा वयाच्या मुलासाठी स्वतंत्र बर्थ घेतला तर पूर्ण भाडे पडते. ज्येष्ठांची रेल्वेतील सवलत २०२० च्या मार्चपासून बंद आहे.

गाडी लागण्याचे कारण पोटात कमी आणि डोळ्यांत व कानांत जास्त असते. कानाच्या आतला तोल सांभाळणारा भाग वळणे मोजत असतो आणि डोळे मात्र समोरच्या सीटची पाठ किंवा मोबाइल पाहत असतात; या दोघांचा मेळ बसला नाही की मळमळते. म्हणून नातीला पुढच्या बाजूची, मागच्या चाकावर न येणारी खिडकीची जागा मिळेल असे आरक्षण करावे, आणि घाट लागण्यापूर्वी मोबाइल व चित्रांचे पुस्तक दोन्ही आत ठेवावे. तिने दूरवर समोर पाहावे असा काही खेळ काढावा. ‘पुढचे वळण डावीकडे की उजवीकडे’ एवढा खेळही पुरतो. खिडकी उघडी असावी, पण हात किंवा डोके बाहेर काढू देऊ नये. घाटात समोरून येणारी गाडी अंगाला घासूनच जाते.

रिकाम्या पोटी नेऊ नये आणि भरल्या पोटीही नेऊ नये. निघण्याच्या तासभर आधी अर्धी पोळी किंवा भाजलेले पोहे द्यावेत. थांब्यावरचा वडा परतीच्या दिवसासाठी राखून ठेवावा. गाडी न लागण्याची गोळी मुलांसाठी मिळते, परंतु ती बालरोगतज्ज्ञांनी वजन पाहून सांगितली असेल तरच द्यावी, मोठ्यांच्या गोळीचा तुकडा देऊ नये. एवढे करूनही उलटी होऊ शकते. त्यासाठी ब्रेडच्या जाड पिशव्या चार-पाच घ्याव्यात, घरीच त्यांत पाणी भरून भोक नाही ना ते पाहावे, आणि प्रत्येकीत वर्तमानपत्राचा चुरगळलेला कागद टाकून ठेवावा. पिशवी सामानात न ठेवता नातीच्या हातात द्यावी. तिला तोंड फिरवण्यापुरताच वेळ मिळतो. तिच्या मांडीवर तोच पंचा पसरावा, ज्याचे गुणगान मी वर केले आहे. उलटी झाल्यावर लगेच घटाघटा पाणी पाजू नये, चूळ भरायला लावून थोड्या वेळाने घोटघोट द्यावे. शेजारच्या बाईंसाठी एक ओला रुमाल जादा ठेवला तर बोलणी निम्म्याने कमी होतील.

थांब्यावर उतरताना कंडक्टरला ‘मुलीला घेऊन उतरते आहे, आम्हाला घेतल्याशिवाय सोडू नका’ असे तोंडाने सांगावे आणि गाडीचा नंबर लिहून घ्यावा. एकाच रंगाच्या चार गाड्या उभ्या असल्या की मी म्हणणाऱ्याची फजिती होते. नातीला गाडीत एकटी ठेवून पाणी आणायला उतरू नये. तिच्या आईवडिलांकडून ‘ही माझी मुलगी तिच्या आजीबरोबर प्रवास करीत आहे’ अशा दोन ओळी आणि दोघांचे दूरध्वनी क्रमांक लिहिलेला कागद बरोबर असावा. बहुधा त्याची गरज पडत नाही. पण वाटेत तुम्हालाच बरे वाटेनासे झाले, तर शेजारच्या माणसाला तोच एक आधार असतो.

प्रश्न : आम्ही उभयता सहा महिन्यांसाठी न्यू जर्सीला मुलीकडे जात आहोत. तीन वर्षांच्या नातीला रोज बागेत नेण्याचे काम आमच्याकडे असेल. इकडच्या सवयीने तिकडे काय चुकू शकते?
— एक आजी, ठाणे

उत्तर : पहिली अडचण आसनाच्या बक्कलची येईल. तेथे आठ वर्षांखालील आणि ५७ इंचांहून कमी उंचीच्या मुलाला मोटारीत मागच्या बाजूला, त्याच्या वयाच्या आसनातच बांधावे लागते. मांडीवर घेणे चालत नाही. त्या बक्कल मुद्दाम ताठ केलेल्या असतात आणि संधिवाताच्या अंगठ्याला दाद देत नाहीत. पोचल्यावर मुलीसमोर दहा वेळा लावून-काढून पाहावे. थंडीचा फुगीर कोट घालून नातीला पट्ट्यात बांधू नये, कारण पट्टा घट्ट वाटतो आणि प्रत्यक्षात सैल राहतो. आधी पट्टा बांधून कोट वरून पांघरावा. दुकानात ‘दोन मिनिटांचे काम’ असले तरी तिला गाडीत एकटीला ठेवू नये.

तातडीच्या मदतीसाठी क्रमांक ९११ आहे. घराचा क्रमांक, रस्ता आणि गाव हे तिघेही न अडखळता सांगता यायला हवेत. घाबरल्यावर इंग्रजी आधी पळून जाते, म्हणून पत्ता कागदावर लिहून फोनच्या मागे चिकटवावा. मुलगी-जावई कामावर असताना डॉक्टरांकडे जावे लागले तर उपचारांना संमती देणारे त्यांचे सहीचे पत्र तुमच्याजवळ असावे. कसे पत्र चालेल, हे मुलीने आपल्या डॉक्टरांना विचारून घ्यावे.

बागेत दुसऱ्याचे मूल गोड दिसले म्हणून गालाला हात लावू नये, त्याचे छायाचित्र काढू नये, आणि सर्वांत महत्त्वाचे म्हणजे खाऊ वाटू नये. आपल्याला एकट्या नातीला खाऊ देणे जिवावर येते, आणि डबा उघडला की चार मुले जमतात हेही खरे. परंतु शेंगदाण्याची तीव्र ॲलर्जी असलेल्या मुलाला एका तुकड्यानेही श्वास लागू शकतो, आणि तेथे अनेक बालवाड्यांत दाण्याचा पदार्थ आणण्यास मनाई असते. त्यामुळे आमच्या ओळखीतल्या एका आजींनी प्रेमाने पुढे केलेली चिक्की पाहून समोरची आई मुलाला उचलून अक्षरशः पळाली, आणि आजींना दोन दिवस त्याचे वाईट वाटत राहिले. तीन वर्षांच्या मुलीला चिक्की तशीही नको. दाण्याचे बारीक कूट घातलेला लाडू तिला घरी परतल्यावर, टेबलाशी बसवून द्यावा, आणि नंतर तिचे हात व तोंड धुवावे.